कलेची तीन कपाटे की बारा खुर्च्या? महाविद्यालयीन ग्रंथालयातील एक पेच

प्रश्न : देवघेव_खिडकी

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे चित्रकला, संगीत, नाट्य आणि लोककला या विषयांच्या पुस्तकांची तीन कपाटे आहेत. महाविद्यालयात यांपैकी एकही विषय शिकवला जात नाही. बहुतेक पुस्तके दोन निवृत्त प्राध्यापकांच्या देणगीतून आलेली आहेत, आणि उरलेली माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी अनुदान संपवण्याच्या मार्चमधल्या घाईत घेतली असावीत, असा दाखल नोंदवहीतील तारखांवरून मला संशय आहे. आता ग्रंथालय समितीपुढे प्रस्ताव आला आहे की ही कपाटे तळमजल्यावरच्या भांडारात हलवावीत आणि त्या जागेवर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी बारा खुर्च्या बसवाव्यात. प्रस्तावाला देवघेवीचा अहवाल जोडलेला आहे. गेल्या वर्षभरात या तीन कपाटांतून घरी नेलेल्या पुस्तकांची यादी एका पानात मावली, आणि ते पानही पुरते भरले नाही.

अभ्यासिकेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. सकाळी साडेसातला मी कुलूप उघडते तेव्हा पायऱ्यांवर दप्तरे ओळीने मांडलेली असतात. मुले चहाला गेलेली असतात आणि दप्तरांनी त्यांचा नंबर धरून ठेवलेला असतो. ती मुले काय सोसून तिथे बसतात, हे मी रोज पाहते.

तरीही कपाटे हलवायला मन घेत नाही, आणि त्याचे कारण गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग आहे. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी छायाप्रत काढायला खिडकीशी आला. गावातल्या भजनी मंडळाची पेटी घरी आणून तो स्वतःच वाजवायला शिकत होता. मोबाइलवर कुठून तरी उतरवून घेतलेल्या जुन्या पुस्तकातील भैरव रागाच्या एका बंदिशीचे पान त्याच्याजवळ होते. तो म्हणाला की ध्वनिमुद्रण ऐकतो ते आणि कागद पाहून वाजवतो ते जुळत नाही, तेव्हा पेटीच बिघडलेली असावी. मला संगीतातले काही कळत नाही. परंतु संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेतील एक भाग त्या कपाटात आहे, हे मला माहीत होते. आम्ही ते पुस्तक आणि त्याचा कागद खिडकीच्या फळीवर शेजारीशेजारी ठेवले. पुस्तकात प्रत्येक रे आणि ध या स्वरांच्या खाली एक बारीक आडवी रेघ होती. त्याच्या कागदावर एकही नव्हती. ज्या कोणी ते पान स्कॅन केले, त्याने कागदाचा पिवळेपणा घालवताना रेघाही पुसून टाकल्या होत्या. उलट एका सा वर धुळीचा ठिपका बसला होता, आणि तो छापील टिंबासारखा दिसत होता. पेटी चांगली होती.

जनगणनेत सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकते, तिला साक्षर म्हणतात. त्या व्याख्येने हा मुलगा पूर्ण साक्षर आहे, महाराष्ट्रात २०११ साली मोजलेल्या ८२ टक्क्यांहून अधिक लोकांपैकीच एक. कागदावरचे प्रत्येक अक्षर त्याला वाचता येत होते. फक्त कागदावर जे असायला हवे होते ते नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जिथे कलेचा विभागच नाही, अशा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ही पुस्तके दर्शनी भागात का असावीत, हे समितीला पटेल अशा शब्दांत कसे मांडावे? आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय परिचयासाठी मला जी चाळीस मिनिटे मिळतात, त्यांत या कपाटांचा काही उपयोग करता येईल का? आजवर ती चाळीस मिनिटे ओळखपत्र, दंडाचे दर आणि ओपॅकवर (संगणकावरील पुस्तकसूचीत) पुस्तक कसे शोधावे, एवढ्यातच संपत आली आहेत.

उत्तर १ : जुना_दाखलअंक

ताई, माझी सारी नोकरी महाविद्यालयीन ग्रंथालयांत गेली आणि अशी कपाटे भांडारात नेताना मी दोनदा पाहिली आहेत. एकदा तर ती मीच नेली. परत वर आली नाहीत. भांडारात गेलेले पुस्तक कागदोपत्री जिवंत असते, इतकेच.

समितीपुढे जाताना पेटीची गोष्ट शेवटी सांगा, आधी आकडा सांगा. देवघेवीचा अहवाल फक्त घरी नेलेली पुस्तके मोजतो. चित्रांची मोठी पुस्तके कोणी घरी नेत नाही. ती जड असतात, बरीचशी संदर्भासाठी राखीव असतात आणि मुले ती उभ्या उभ्या चाळून परत खुपसतात, बहुधा चुकीच्या जागी. हा वापर तुमच्या अहवालात शून्य दिसतो. कपाटांजवळ एक टेबल ठेवा, त्यावर ‘पाहून झालेली पुस्तके कपाटात न ठेवता येथे ठेवावीत’ अशी पाटी लावा, आणि रोज संध्याकाळी टेबलावरील पुस्तकांचे दाखल अंक (नोंदवहीतील क्रमांक) वहीत उतरवून मगच ती जागेवर लावा. तीन महिने हे केलेत, की समितीपुढे ठेवायला आकडा तयार होईल. तो कमी निघाला तर तोही प्रामाणिकपणे ठेवा आणि निम्मी पुस्तके बाद करा. मार्चच्या घाईत घेतलेल्या पुस्तकांवर प्रेम करण्याचे कारण नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांचे ग्रंथालयाविषयीचे पाच सिद्धांत १९३१ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथपाल दिनाला, म्हणजे १२ ऑगस्टला, ते आपण दरवर्षी फलकावर लिहितो. समितीचे सदस्य त्यांतला दुसरा सिद्धांत नेमका उद्धृत करतात, की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, आणि म्हणून मागणी असेल तेच ठेवा म्हणतात. तिसरा सिद्धांत उलट बाजूने बोलतो : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. यात मागणीची वाट पाहण्याची मुभा ग्रंथपालाला नाही. पुस्तक नजरेला पडेल असे ठेवणे, त्याच्या नोंदी वाढवणे, वाचकाला कपाटांपर्यंत मुक्त प्रवेश देणे, ही सगळी कामे या तिसऱ्या सिद्धांतातून निघतात. तुमचा पेटीवाला मुलगा पुस्तक मागायला आलाच नव्हता, हे लक्षात घ्या.

एक दाखला बडोद्याचा देतो, कारण तो आपल्याकडे विसरला गेला आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. शाळेत शिकलेली अक्षरे पुढे वाचायला काही नसेल तर विसरली जातील, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानाचे ग्रंथालय खाते उभे केले. लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरणारी ग्रंथालये बहुतेकांना ठाऊक असतात. पण त्याच खात्यात दृश्य शिक्षणाचाही एक विभाग होता. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी जादूचा कंदील, त्रिमिती चित्रे आणि चलत्चित्रे हा विभाग दाखवत असे. चित्र दाखवणे हे ग्रंथालयाचेच काम आहे, असे त्या खात्याने मानले होते. करमणूक खात्याकडे ते सोपवले नव्हते.

चाळीस मिनिटांबद्दल. मी शेवटची काही वर्षे ओपॅक सोडून दिला होता; मुले तो दहा मिनिटांत आपापसांत शिकतात. त्याऐवजी शिवाजी महाराजांच्या चित्राची कथा सांगत असे. इब्राहिम खान नावाच्या एका माणसाचे चित्र अनेक वर्षे महाराजांचे म्हणून छापले जात होते आणि इतिहासकार वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या संग्रहाचा माग काढून महाराजांचे चित्र लोकांपुढे आणले. दोन्ही चित्रे समोर ठेवून मी एकच विचारत असे : हे कोणाचे चित्र आहे, हे आपल्याला कोण सांगते आहे? चित्राखालची ओळ? ती ओळ कोणी लिहिली? त्याने कुठे पाहिले? वर्ग जागा होतो, कारण विषय महाराजांचा असतो. माहिती अशी शोधून पारखता येणे, याला ‘माहिती साक्षरता’ म्हणतात. हा शब्दप्रयोग अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ मध्ये केला; मी तो वर्गात कधीच उच्चारला नाही. शब्द ऐकला की मुले वही काढून व्याख्या लिहू लागतात.

उत्तर २ : मध्यसप्तक

मी संगीत शिक्षक आहे, त्यामुळे ठिपक्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. भैरवात रे आणि ध कोमल, म्हणजे किंचित उतरलेले, असतात, बाकीचे स्वर शुद्ध. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात. ती पुसली की सातही स्वर शुद्ध होतात, म्हणजे भैरव थाटाऐवजी (थाट म्हणजे रागामागचा स्वरसंच) तो मुलगा बिलावल थाटाचे स्वर वाजवत बसला होता. पहाटेच्या गंभीर रागाची बंदीश त्याच्या पेटीतून प्रार्थनेच्या सरळ चालीसारखी निघत असणार. कान शाबूत होता म्हणून त्याला काहीतरी चुकते आहे एवढे कळले. कागदापेक्षा पेटीवर त्याचा संशय गेला, ही मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे. छापलेले चुकत नाही, असे आपण मुलांना फार लवकर शिकवतो.

धुळीच्या ठिपक्याचे प्रकरण याहून गमतीचे आहे. भातखंडे पद्धतीत स्वराच्या वर टिंब म्हणजे तार (वरचे) सप्तक आणि खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचे). विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्यांनी जी लेखनपद्धती चालवली, तिच्यात स्वरावर टिंब म्हणजे मंद्र सप्तक, आणि तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंड्यांकडे म वर आली की तीव्र मध्यम होतो. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, खूणही वेगळी : भातखंड्यांकडे गुणाकाराच्या चिन्हासारखी फुली, पलुसकरांकडे १ हा आकडा. म्हणजे एकच ठिपका एका पुस्तकात गळ्याला वर चढवतो आणि दुसऱ्या पुस्तकात खाली उतरवतो. पुस्तकाच्या पहिल्या काही पानांत ‘चिन्हांचा खुलासा’ असतो, तो वाचल्याशिवाय पुढचे एकही पान वाचता येत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या सुट्या पानाला तो खुलासा नसतो. मुखपृष्ठ नाही, संपादक नाही, आवृत्ती नाही, खुलासा नाही, फक्त बंदीश.

माझी सूचना अशी की चाळीस मिनिटांत हाच कागद वापरावा. गाणे न येणाऱ्या मुलांनाही दोन पानांतील फरक शोधता येतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. आणि शक्य असेल तर पेटी आणावी. रेघेसकट आणि रेघेविना अशा दोनच ओळी वाजवून दाखवल्या, तर हरवलेल्या खुणेची किंमत मुलांना लगेच ऐकू येईल. अर्थशास्त्राच्या तक्त्याखालची तळटीप गळली तरी असेच होते, पण ते ऐकू येत नाही.

उत्तर ३ : बारावी_खुर्ची

मॅडम, मी तुमच्या महाविद्यालयातला नाही, पण पायऱ्यांवर दप्तर ठेवणाऱ्यांपैकी आहे. वरच्या दोन्ही सरांचे लिखाण आवडले, तरी एक बाजू राहून जाते आहे म्हणून लिहितो. मी ज्या अभ्यासिकेत बसतो तिथे माझी खुर्ची दरवाजाच्या मागे आहे. कोणी आत आले की दार गुडघ्याला लागते. घरी दोन खोल्यांत सहा माणसे असल्यामुळे मला तिथे बसावे लागते. बारा खुर्च्या म्हणजे बारा घरांतला प्रश्न आहे. कलेची पुस्तके महत्त्वाची आहेत म्हणून खुर्च्या नकोत, असा अर्थ समितीने काढला, तर मुलांच्या मनात त्या पुस्तकांबद्दल राग बसेल. तसे होऊ देऊ नका.

पण एक अनुभव त्या पुस्तकांच्या बाजूचाही आहे. सराव प्रश्नपत्रिकेत ‘पहिला भारतीय कथापट कोणता’ हा प्रश्न होता आणि मार्गदर्शक पुस्तकांप्रमाणे मी ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, असे उत्तर दिले. शेजारच्या मित्राने दादासाहेब तोरणे यांच्या ‘श्री पुंडलिक’चे नाव घेतले, तो १८ मे १९१२ ला म्हणजे जवळजवळ एक वर्ष आधी लागला होता. आम्ही दोघे वाद घालत आमच्या ग्रंथपालांकडे गेलो. त्यांनी उत्तर सांगितले नाही. चित्रपटाच्या इतिहासावरची दोन पुस्तके काढून दिली आणि ‘पहिला’ म्हणजे काय ते आधी ठरवा म्हणाले. वाचल्यावर कळले की ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होते, छायाचित्रणकार इंग्रज होता आणि फिल्म प्रक्रियेसाठी लंडनला गेली होती. यामुळेच फाळक्यांना तो मान दिला जातो. तारीख दोन्हीकडे बरोबर होती. आमचे भांडण व्याख्येवर होते आणि ते आम्हाला माहीतच नव्हते.

तेव्हापासून विधानांवर आधारित प्रश्न सोडवताना मी आधी व्याख्या शोधतो. हे मला कोणत्याही शिकवणीत मिळाले नाही. म्हणून खुर्च्या हव्यातच, पण कपाटे भांडारात जावीत असे मला वाटत नाही. खुर्च्यांच्या मध्ये कपाटे उभी राहू शकत नाहीत का? आमच्याकडे दोन टेबलांच्या मधला आडोसा म्हणून प्लायवुड लावले आहे. त्याजागी पाठीला पाठ लावून कपाटे असती तर चालले असते.

उत्तर ४ : तळकोकणातून

मी सिंधुदुर्गात ग्रंथालयातच तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांची सूची करण्याचे, काम करते. ‘बारावी खुर्ची’ यांची कपाटांच्या आडोशाची कल्पना अमलात आणण्यासारखी आहे. फक्त कपाटे भिंतीला किंवा एकमेकांना पक्की करावीत.

ताई, मला तुमच्या लोककलेच्या कपाटाबद्दल लिहायचे आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी दाखवतात. रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाची कागदावर रंगवलेली चित्रे क्रमाने एकेक करून समोर धरायची आणि गात-बोलत कथा सांगायची, अशी ही रीत आहे. चित्रांच्या या गठ्ठ्याला तिथे ‘पोथी’ म्हणतात. तिच्यात वाचण्याजोगा मजकूर नसतो, तरी ती पोथीच, आणि ज्याला ती लावता येते त्याला चित्रांचा क्रम, कथा आणि चाल तिन्ही पाठ असावी लागतात. साक्षरतेची चर्चा करताना हा एक शब्द माझ्या डोळ्यांपुढे असतो.

अशा कलेवरचे पुस्तक माझ्या टेबलावर आले तेव्हा दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तके लावण्याच्या पद्धतीत, ते कुठे लावावे, यावर माझा अर्धा दिवस गेला. भारतीय चित्रकला म्हणून ७५९.९५४ ला लावले, तर कथा हरवते. लोककथा म्हणून ३९८.२ ला लावले, तर चित्रे हरवतात. हेच कलावंत कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचेही खेळ करतात, म्हणून ७९१.५३ चाही दावा आहे. मी शेवटी चित्रकलेत लावले आणि बाकी दोन्ही विषयांखाली जादा नोंदी केल्या. हा निर्णय बरोबरच आहे असा माझा आग्रह नाही. पण फळीवर पुस्तक जिथे दिसते, तिथे ते कोणीतरी विचार करून किंवा न करता ठेवलेले असते, एवढे मुलांना सांगितले तरी शोधाची दृष्टी बदलते.

यंत्राच्या शोधाचेही तसेच आहे. युनिकोड, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याची सामायिक पद्धत, रुळण्यापूर्वी मराठीतले कितीतरी प्रबंध आणि लेख जुन्या फाँटांत टंकलिखित झाले. पडद्यावर ते उत्तम देवनागरीत दिसतात, पण यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता असतो. त्यात ‘चित्रकथी’ हा शब्द शोधला तर शून्य निकाल येतो, आणि विद्यार्थी सांगतो की या विषयावर मराठीत काहीच काम झालेले नाही. अलीकडे तर काही जण संभाषण करणाऱ्या यंत्राकडून संदर्भग्रंथांची यादी घेऊन येतात. त्यातली निम्मी पुस्तके मला कुठल्याच सूचीत सापडत नाहीत. एकीकडे असलेले दिसत नाही आणि दुसरीकडे नसलेले दिसते; मधल्या जागेत आपण खिडकीशी बसलेलो असतो.

पुन्हा : देवघेव_खिडकी

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. मी आधी आकडा नाही असेच सांगितले, म्हणजे आतल्या वापराची नोंद आजवर कोणी ठेवलेलीच नाही आणि ती ठेवायला तीन महिने द्यावेत. मग ते पुस्तक आणि मुलाचा तो कागद पुढे केले. वाणिज्याच्या एका प्राध्यापकांनी ते बराच वेळ पाहिले आणि ताळेबंदातून उणे चिन्ह गळाल्यासारखे आहे म्हणाले. माझ्यापेक्षा त्यांच्या एका वाक्याने जास्त काम केले.

निर्णय असा झाला की दोन कपाटे वाचनकक्षातच राहतील आणि ती ‘बारावी खुर्ची’ यांनी सुचवल्याप्रमाणे पाठीला पाठ लावून टेबलांच्या मध्ये आडोसा म्हणून उभी केली जातील. तिसरे भांडारात जाईल. खुर्च्या बारा बसत नाहीत, नऊ बसतात. तिसऱ्या कपाटात काय जाईल, हे ठरवण्यासाठी मी आठवडाभर पुस्तके काढत बसले आहे. मार्चच्या घाईतली काही पुस्तके खरोखरच कोणी कधी उघडलेली नाहीत, पाने अजून कडेला चिकटलेली आहेत. जुना_दाखलअंक सर, ती बाद करण्याचा प्रस्तावही सोबत देते आहे.

प्रथम वर्षाच्या वर्गासाठी पेटीवाल्या मुलालाच विचारले. तो येतो म्हणाला, पण वाजवून दाखवीन, बोलायला लावू नका अशी त्याची अट आहे. त्याने आपल्या त्या कागदावर लाल पेनाने रेघा ओढून घेतल्या आहेत आणि धुळीच्या ठिपक्याभोवती गोल केला आहे. त्या कागदाचीच प्रत वर्गात वाटावी असे वाटते.

टेबल आणि पाटी आज सकाळी ठेवली. संध्याकाळी टेबलावर बुद्धिमत्ता चाचणीची चार पुस्तके, एक वर्तमानपत्र आणि कोणाचा तरी जेवणाचा डबा होता. कलेचे एकही पुस्तक नव्हते, म्हणून वहीत शून्य लिहिले. मात्र चित्रांचे एक मोठे पुस्तक कपाटात उलटे खोचलेले सापडले, काल मी स्वतः ते सरळ लावले होते. सर, असे पुस्तक वापरात धरायचे की नाही, एवढे कृपया कळवावे.